यानुश कोर्चाक

यानुश कोर्चाक (मूळ नाव : हेन्रिक गोल्डश्मित, जन्म : २२ जुलै १८७८ किंवा १८७९, वॉर्सा, मृत्यू : ऑगस्ट १९४२, त्रेब्लिंका) हे पोलंडमधील ज्यू बालरोगतज्ज्ञ, शिक्षणविचारक, बालसाहित्यिक आणि बालहक्कांचे आद्य पुरस्कर्ते होते. वॉर्सातील 'दोम शेरोत' (अनाथांचे घर) या संस्थेचे त्यांनी १९१२ पासून अखेरपर्यंत संचालन केले. मूल हे उद्याचा नागरिक नसून आजचाच पूर्ण माणूस आहे, म्हणून मोठ्यांनी त्याच्यावर दया करण्याऐवजी त्याचे हक्क मान्य करावेत, हे त्यांच्या विचाराचे सूत्र होय. दुसऱ्या महायुद्धात नाझींनी त्यांच्या संस्थेतील मुलांना मृत्युछावणीत नेले तेव्हा सुटकेची संधी नाकारून ते मुलांबरोबर गेले. या शेवटच्या प्रसंगामुळे त्यांचे नाव जगभर पोहोचले. परंतु त्याच प्रसंगाच्या छायेत त्यांचे त्याआधीचे तीस वर्षांचे काम झाकोळले गेले आहे. मुलांचे हक्क कागदावर लिहिणारे पुष्कळ झाले. ते हक्क रोजच्या व्यवहारात चालावेत यासाठी न्यायालय, संसद, वृत्तपत्र अशा संस्था मुलांच्या हाती देणारे कोर्चाक हे त्या काळातील अगदी थोड्या शिक्षकांपैकी एक होते.

बालपण आणि शालेय जीवन

हेन्रिक यांचा जन्म वॉर्सातील एका सुखवस्तू, पोलिश संस्कृतीशी एकरूप झालेल्या ज्यू कुटुंबात झाला. आजोबा वैद्यकीय व्यवसायात होते. वडील युझेफ हे नामांकित वकील होते. आईचे नाव त्सेत्सिलिया. वडिलांनी जन्माची नोंद वेळेवर न केल्यामुळे जन्मवर्षाविषयीची अनिश्चितता कायम राहिली. घरी धार्मिक आचार फारसे पाळले जात नसत. लहानपणी त्यांचा पाळलेला कॅनरी पक्षी मेला तेव्हा त्याच्या थडग्यावर क्रूस लावावा अशी त्यांची इच्छा होती. परंतु इमारतीच्या रखवालदाराच्या मुलाने, हा पक्षी ज्यू आहे, म्हणून त्याला क्रूस लावता येणार नाही, असे सांगितले. आपण इतरांपेक्षा वेगळे ठरवले गेलो आहोत याची पहिली जाणीव त्यांना या प्रसंगातून झाली. उतारवयात लिहिलेल्या दैनंदिनीत त्यांनी ही आठवण नोंदवली आहे.

त्या काळी वॉर्सा रशियन झारच्या अमलाखाली होते. शाळांत शिक्षणाचे माध्यम रशियन होते आणि पोलिश भाषेला तेथे स्थान नव्हते. घरची भाषा शाळेच्या दारात काढून ठेवावी लागणे म्हणजे काय, हे त्यांनी अशा रीतीने लहानपणीच अनुभवले. ज्या प्राथमिक शाळेत त्यांना प्रथम घातले तेथे शिक्षा म्हणून मुलांना फटके मारण्याची रीत होती. एका मुलाला सर्वांसमक्ष झालेली अशी शिक्षा पाहून ते इतके भेदरले की, काही महिन्यांतच पालकांना त्यांना त्या शाळेतून काढावे लागले. पुढे माध्यमिक शाळेतही त्यांचे मन रमले नाही. शिस्त म्हणजे भीती आणि ज्ञान म्हणजे पाठांतर, असे समीकरण मानणाऱ्या त्या शाळेविषयीची अढी त्यांच्या लेखनात पुढे वारंवार डोकावते. मात्र या अढीचे रूपांतर केवळ तक्रारीत झाले नाही, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

हेन्रिक अकरा-बारा वर्षांचे असताना वडिलांना मानसिक विकार जडला. इस्पितळातील दीर्घ उपचारांत घरची मिळकत संपली आणि १८९६ मध्ये वडिलांचे निधन झाले. शाळकरी वयातच शिकवण्या करून हेन्रिक यांना आई व बहिणीच्या चरितार्थाला हातभार लावावा लागला. श्रीमंतांच्या घरी जाऊन त्यांच्या मुलांना शिकवणारा हा गरीब मुलगा, मूल आणि मोठा माणूस या दोन्ही बाजू एकाच वेळी पाहत होता.

वैद्यकीय शिक्षण आणि टोपणनाव

१८९८ मध्ये त्यांनी वॉर्सा विद्यापीठात वैद्यकीय अभ्यासक्रमाला प्रवेश घेतला. त्याच वर्षी एका नाट्यलेखन स्पर्धेसाठी त्यांनी क्राशेव्स्की या पोलिश कादंबरीकाराच्या एका नायकाचे नाव टोपणनाव म्हणून घेतले. मूळ नाव 'यानाश' असे होते; ते छापताना 'यानुश' झाले, असे सांगितले जाते. हेच नाव पुढे रूढ झाले. डॉक्टर म्हणून मात्र ते गोल्डश्मित हेच नाव वापरीत.

विद्यार्थिदशेत ते वॉर्साच्या गरीब वस्त्यांतील मुलांत मिसळत, धर्मादाय वाचनालयांत मुलांना पुस्तके देण्याचे काम करीत. पोलिश भाषा व इतिहास गुप्तपणे शिकवणाऱ्या 'फिरत्या विद्यापीठा'च्या वर्गांशीही त्यांचा संबंध आला. १८९९ मध्ये पेस्टालोझी यांचे कार्य जाणून घेण्यासाठी ते स्वित्झर्लंडला गेले. 'रस्त्यावरची मुले' (१९०१) ही त्यांची पहिली कादंबरी याच अनुभवांवर आधारलेली आहे.

१९०५ मध्ये पदवी मिळाल्यावर ते वॉर्सातील ज्यू बालरुग्णालयात रुजू झाले. परंतु लगेच रशिया-जपान युद्धासाठी त्यांना सैनिकी डॉक्टर म्हणून मांचुरियात जावे लागले. परतल्यावर १९१२ पर्यंत ते या रुग्णालयात होते. या काळात बर्लिन, पॅरिस व लंडन येथे जाऊन त्यांनी बालरोग व बालसंगोपनाचा अधिक अभ्यास केला. शहरात त्यांची वैद्यकीय ख्याती वाढली होती. श्रीमंतांकडून भरघोस शुल्क घ्यावे आणि गरिबांकडे नाममात्र मोबदल्यात जावे, असा त्यांचा रिवाज होता. तरीही बरे झालेले मूल पुन्हा त्याच अंधाऱ्या खोलीत, त्याच उपासमारीत परत जाते, ही गोष्ट त्यांना अस्वस्थ करीत राहिली. याच काळात गरीब मुलांच्या उन्हाळी वसाहतींत ते देखरेखीचे काम करीत. तेथे पहिल्या वर्षी मुलांच्या गोंगाटापुढे आपण पुरते हतबल झालो आणि धाकदपटशाचा आश्रय घेऊ लागलो, हे त्यांनी नंतर मोकळेपणाने लिहिले आहे. मुलांशी बोलायचे नसते तर त्यांच्याबरोबर बसून ठरवायचे असते, हा धडा त्यांना पुस्तकांनी दिला नाही. या वसाहतींनी दिला.

'दोम शेरोत'

अनाथ ज्यू मुलांना साहाय्य करणाऱ्या एका संस्थेने देणग्या जमवून वॉर्सातील क्रोख्माल्ना रस्त्यावर ९२ क्रमांकाची नवी इमारत बांधली. १९१२ च्या शरद ऋतूत ती सुरू झाली आणि कोर्चाक रुग्णालय सोडून तिचे संचालक झाले. साधारण ७ ते १४ वर्षांची शंभराहून थोडी अधिक मुलेमुली तेथे राहत. बेल्जियममध्ये शिकून आलेल्या स्तेफानिया विल्चिन्स्का या संस्थेच्या मुख्य शिक्षिका होत्या. कोर्चाकांच्या चरित्रांत विल्चिन्स्का यांना बहुधा दुय्यम स्थान मिळते, ते न्याय्य नाही. पहिल्या महायुद्धात कोर्चाक चार वर्षे आघाडीवर असताना ही संस्था त्यांनीच चालवली. पुढेही रोजचा कारभार, स्वयंपाकघर, आजारपणे, नव्या शिक्षकांची घडण हे सारे मुख्यतः त्यांच्याच अंगावर होते.

मुले शिक्षणासाठी बाहेरच्या शाळांत जात आणि दुपारी परतत. म्हणजे 'दोम शेरोत' ही रूढ अर्थाने शाळा नव्हती. पण शाळेत जे मिळत नव्हते ते तेथे मिळावे, असा तिचा रोख होता. साऱ्या कामांची वाटणी मुलांत होई. भांडी, झाडलोट, ग्रंथालय, आजाऱ्यांची सोबत, धाकट्यांचा अभ्यास या प्रत्येक कामाची जबाबदारी नावानिशी ठरलेली असे. झाडू आणि बादली जिन्याखालच्या अडगळीत न ठेवता कोर्चाकांनी त्या दर्शनी जागी मांडल्या. श्रमाची प्रतिष्ठा हा शब्दप्रयोग आपल्याकडे भाषणांत फार वापरला जातो. येथे तो एका झाडूच्या जागेत उतरला होता.

प्रत्येक मुलाला स्वतःच्या वस्तूंसाठी स्वतंत्र कप्पा होता. दोरीचा तुकडा, काचेचा मणी, गंजलेला खिळा अशी मोठ्यांच्या दृष्टीने केरात टाकण्याजोगी त्यातील मालमत्ता पवित्र मानली जाई. हरवलेल्या वस्तूंसाठी काचेचे कपाट होते. सूचनाफलक होता. अद्याप वाचता न येणाऱ्या मुलांसाठीही तो उपयुक्त आहे, कारण आपले नाव फळ्यावर शोधता शोधता मूल वाचायला शिकते, असे कोर्चाकांचे निरीक्षण होते. पत्रपेटीत मूल आपली तक्रार, विनंती अथवा प्रश्न लिहून टाकी. तोंडाने बोलायला संकोचणाऱ्या मुलाला त्यामुळे वाट मिळे. शिवाय उत्तराची वाट पाहणे, क्षुल्लक आणि महत्त्वाचे यांतला फरक ओळखणे, हेही त्यातून साधे. नव्याने आलेल्या मुलाला एक मोठा मुलगा किंवा मुलगी पालक म्हणून दिली जाई. खोटे बोलणे, भांडणे अशा सवयी सोडण्यासाठी मुले कोर्चाकांशी पैज लावीत. या आठवड्यात अमुक वेळांपेक्षा अधिक मारामारी करणार नाही, अशी ती पैज असे. सवय एका दिवसात सुटावी अशी अपेक्षा नसे. पैज जिंकल्यास गोळ्या-चॉकलेटे मिळत. मुलाचे बोलणे खरे की खोटे याची चौकशी होत नसे. त्याच्या शब्दावर विश्वास ठेवला जाई.

मुलांचे न्यायालय

कोर्चाकांच्या रचनेचा कणा म्हणजे मुलांचे न्यायालय. दर आठवड्याला पाच न्यायाधीश चिठ्ठ्या टाकून निवडले जात. ज्यांच्यावर त्या आठवड्यात एकही फिर्याद नाही, अशाच मुलांची नावे त्यासाठी घेतली जात. कोणतेही मूल कोणाही विरुद्ध फिर्याद करू शके. त्यात दुसरी मुले आली, तसे शिक्षक आले आणि स्वतः संचालकही आले. फिर्यादी फळ्यावर लिहिल्या जात, साक्षी होत आणि निकाल संहितेतील कलमांनुसार दिला जाई.

ही संहिता कोर्चाकांनी लिहिली होती आणि तिची बांधणी विलक्षण आहे. पहिली नव्याण्णव कलमे या ना त्या कारणाने माफ करणारी होती. कुठे फिर्याद मागे घेतली म्हणून, कुठे आरोपीला नियम माहीत नव्हता म्हणून, कुठे त्याला पश्चात्ताप झाला म्हणून माफी होती. त्यानंतर मात्र कलमांचे क्रमांक शंभरा-शंभराने वाढत आणि निकाल कठोर होत जात. शंभरव्या कलमात न्यायालय केवळ दोष नोंदवी. सहस्रावे कलम संस्थेतून काढून टाकण्याचे होते आणि त्याचा वापर क्वचितच होई. माफीसाठी नव्याण्णव वाटा आणि हकालपट्टीसाठी एकच वाट, हे प्रमाण सहज ठरलेले नव्हते. मुलांच्या हाती अधिकार दिला तर ती क्रूर होतील, या सर्वसाधारण शंकेला दिलेले ते उत्तर होते.

न्यायालय सुरळीत चालले असे मात्र नाही. प्रारंभी मुले क्षुल्लक गोष्टींवरून एकमेकांवर खटले भरू लागली. काहींनी न्यायालयाचीच थट्टा मांडली. काही काळ कोर्चाकांनी ते बंदही ठेवले आणि मुलांशी चर्चा करून नियमांत बदल केल्यावर पुन्हा सुरू केले. या अपयशाचा तपशील त्यांनी स्वतःच प्रसिद्ध केला आहे. एका सहामाहीत त्यांनी स्वतःला पाच वेळा न्यायालयापुढे उभे केले. एका मुलाचा कान पिळला, एकाला शयनगृहाबाहेर हाकलले, एकाला कोपऱ्यात उभे केले, एका न्यायाधीशाचा अपमान केला आणि एका मुलीवर चोरीचा संशय घेतला, हे त्यांचे अपराध होते. आपल्याकडील शाळांत काम केलेल्या कोणाही शिक्षकाला ही यादी परकी वाटणार नाही. फरक इतकाच की, येथे या गोष्टींना अपराध म्हटले जाई आणि त्यांची सुनावणी मुलांसमोर होई. या खटल्यांनी आपल्याला घटनेच्या चौकटीत राहणारा शिक्षक बनवले, असे कोर्चाक मानीत.

न्यायालयाच्या जोडीला वीस प्रतिनिधींची मुलांची संसदही होती. संस्थेतील नवीन नियम, सणांचे दिवस, गौरवपत्रे यांविषयी ती निर्णय घेई. नव्या मुलाविषयी सर्व मुले गुप्त मतदान करीत आणि त्यावरून त्याचे संस्थेतील नागरिकत्व ठरे. ही शेवटची प्रथा आज वाचताना खटकते. समवयस्कांनी दिलेला नापसंतीचा कौल एखाद्या एकाकी मुलाला कसा सोसवला असेल, हा प्रश्न उरतोच.

महायुद्ध आणि 'मुलावर प्रेम कसे करावे'

पहिल्या महायुद्धात रशियन सैन्याच्या फिरत्या इस्पितळात काम करीत असताना त्यांनी आपला प्रमुख ग्रंथ 'मुलावर प्रेम कसे करावे' लिहिला. कुटुंब, वसतिगृह, उन्हाळी वसाहत आणि अनाथालय असे त्याचे चार भाग असून तो युद्धानंतर प्रकाशित झाला. त्यात त्यांनी मुलाचे तीन मूलभूत हक्क मांडले आहेत. पहिला, मरणाचा हक्क. हा शब्दप्रयोग धक्कादायक असला तरी त्याचा आशय असा की, अपघाताच्या भीतीने मुलाला इतके बांधून ठेवू नये की त्याला जगताच येणार नाही. दुसरा, आजच्या दिवसाचा हक्क. म्हणजे भविष्याच्या नावाखाली त्याचे वर्तमान हिरावून घेऊ नये. तिसरा, आहे तसे असण्याचा हक्क. ग्रंथाच्या १९२९ च्या आवृत्तीत त्यांनी आणखी एक भर घातली. आपले विचार मांडणे आणि आपल्याविषयीच्या निर्णयांत सहभागी होणे, हा मुलाचा पहिला व निर्विवाद हक्क होय, असे त्यांनी त्यात नोंदवले.

युद्ध संपून पोलंड स्वतंत्र झाला. पण लगेच पोलिश-सोव्हिएत युद्ध पेटले. साथीच्या रोगांच्या इस्पितळात काम करताना कोर्चाकांना टायफसने गाठले. त्यांची शुश्रूषा करणाऱ्या आईला त्याचाच संसर्ग होऊन १९२० मध्ये तिचा मृत्यू झाला. हा आघात त्यांना आयुष्यभर पुरला.

शाळा, वृत्तपत्र आणि आकाशवाणी

१९१९ मध्ये मारिना फाल्स्का यांनी कामगारांच्या अनाथ मुलांसाठी प्रुश्कुफ येथे 'नाश दोम' (आपले घर) ही दुसरी संस्था सुरू केली. पुढे १९२८ मध्ये ती वॉर्साच्या ब्येलानी भागात हलवण्यात आली. कोर्चाक अनेक वर्षे तिचेही सहसंचालक होते. ज्यू आणि ख्रिस्ती या दोन्ही समाजांतील मुलांत एकच पद्धती चालते, हे त्यांना येथे पडताळून पाहता आले.

शाळेच्या वृत्तपत्रावर त्यांनी १९२१ मध्ये स्वतंत्र पुस्तिका लिहिली. वर्गाचे स्वतःचे वृत्तपत्र असले की मुलाला आपल्या शब्दाची जबाबदारी कळते आणि शिक्षकाला वर्गात काय शिजते आहे ते कळते, असा त्यांचा विचार होता. ९ ऑक्टोबर १९२६ रोजी हा प्रयोग त्यांनी मोठ्या प्रमाणावर मांडला. वॉर्सातील 'नाश प्शेग्लोंद' या पोलिश भाषेतील ज्यू दैनिकाची 'मवी प्शेग्लोंद' (छोटे समालोचन) ही साप्ताहिक पुरवणी मुलांच्याच बातम्या-पत्रांवर निघू लागली. गावोगावची मुले तिची वार्ताहर होती. शाळेतला अन्याय, घरातले भांडण, धर्मावरून झालेली चिडवाचिडवी, नवा मित्र, हरवलेले कुत्रे असे सारे विषय तीत येत. १९३० मध्ये संपादनाची धुरा त्यांनी तरुण सहकारी इगोर नेवेर्ली यांच्याकडे सोपवली. पुरवणीचा शेवटचा अंक १ सप्टेंबर १९३९ रोजी, म्हणजे जर्मन आक्रमणाच्याच दिवशी निघाला.

मारिया ग्झेगोझेव्स्का यांच्या विशेष शिक्षण संस्थेत ते भावी शिक्षकांना शिकवीत. तेथील एका व्याख्यानाची हकिकत त्यांच्या विद्यार्थ्यांनी सांगितली आहे. त्यांनी एका लहान मुलाला हाताशी धरून क्ष-किरण पडद्यामागे उभे केले आणि अनोळखी माणसांत घाबरलेल्या त्या मुलाचे धडधडणारे हृदय विद्यार्थ्यांना दाखवले. रागावलेल्या शिक्षकासमोर मुलाचे हृदय असे दिसते, एवढेच त्यांना सांगायचे होते. बालगुन्हेगारांच्या खटल्यांत ते न्यायालयाचे तज्ज्ञ म्हणूनही काम पाहत.

१९३० च्या दशकाच्या मध्यास ते पोलिश नभोवाणीवरून 'म्हातारा डॉक्टर' या नावाने बोलत. आपला आवडता म्हातारा डॉक्टर ज्यू आहे याची कल्पना बऱ्याच श्रोत्यांना नव्हती. ज्यूद्वेषाचे वारे वाढल्यावर १९३६ मध्ये हा कार्यक्रम बंद करण्यात आला. काही वर्षांनी तो पुन्हा थोडा काळ चालला. १९३४ आणि १९३६ मध्ये त्यांनी पॅलेस्टाइनला भेट दिली. तेथे स्थायिक होण्याचा विचार त्यांच्या मनात घोळत होता, पण तो तडीस गेला नाही.

साहित्य

मुलांसाठी त्यांनी लिहिलेल्या पुस्तकांत 'राजा माच्युश पहिला' (१९२३) ही कादंबरी सर्वाधिक गाजली. लहानपणीच गादीवर आलेला राजा मुलांची संसद स्थापन करतो आणि मोठ्यांना शाळेत, तर मुलांना कचेऱ्यांत पाठवतो. त्याचा प्रयोग कोसळतो. मुलांच्या स्वराज्याचा कैवार घेणाऱ्या लेखकाने ते स्वराज्य फसल्याची कथा लिहावी, यात त्यांचा प्रामाणिकपणा दिसतो. 'मी पुन्हा लहान होईन तेव्हा' (१९२५) या पुस्तकात एक शिक्षक पुन्हा शाळकरी मुलगा होतो आणि वर्गातला अपमान आतून अनुभवतो. शिक्षकांनी वाचावे असे कोर्चाकांचे एकच पुस्तक निवडायचे झाले तर हेच निवडावे लागेल. 'काइतुश जादूगार' ही त्यांची आणखी एक लोकप्रिय बालकादंबरी. 'मुलाचा आदराचा हक्क' (१९२९) ही छोटी पुस्तिका त्यांच्या विचारांचे सार मानली जाते. राष्ट्रसंघाने १९२४ मध्ये स्वीकारलेल्या बालहक्कांच्या जिनिव्हा जाहीरनाम्यावर त्यांनी केलेली टीका प्रसिद्ध आहे. जाहीरनामाकारांनी कर्तव्ये आणि हक्क यांची गल्लत केली असून त्यांचा सूर मागणीचा नाही, विनवणीचा आहे, असे त्यांचे म्हणणे होते.

टीका आणि मर्यादा

कोर्चाकांवर त्यांच्या हयातीतच टीका झाली. चौदाव्या वर्षी मुलांना 'दोम शेरोत' सोडावे लागे. बाहेर बेकारी होती, ज्यूंना पुष्कळ ठिकाणी काम मिळत नसे आणि पुढील शिक्षणाचा खर्च अनाथ मुलाच्या आवाक्याबाहेरचा होता. न्यायाने चालणाऱ्या घरात वाढलेली मुले अन्यायी जगात उघडी पडली, अशी तक्रार काही माजी विद्यार्थ्यांनी केली. संस्थेत राहून प्रशिक्षण घेणाऱ्या डाव्या विचारांच्या तरुणांना, गरिबीच्या मुळाशी न जाता घरापुरती सुधारणा करणे अपुरे वाटे. ही टीका अगदीच गैरलागू नाही. चार भिंतींच्या आत हक्क मिळवून देता आले, तरी दर्जेदार शिक्षणाची पुढची पायरी समाजाने आणि सरकारनेच बांधावी लागते. ती कोर्चाकांच्या हाती नव्हती.

घेटोतील वर्षे

१९३९ मध्ये जर्मनांनी वॉर्सा व्यापले. ज्यू मुलांच्या शाळा बंद झाल्या. ज्यूंसाठी सक्तीची केलेली ओळखपट्टी दंडावर बांधण्यास कोर्चाकांनी नकार दिला. नोव्हेंबर १९४० मध्ये 'दोम शेरोत'ला घेटोच्या भिंतींआड ख्वोद्ना रस्त्यावर हलवण्यात आले. या स्थलांतरात मुलांसाठी आणलेले बटाटे जर्मनांनी जप्त केले. त्याचा जाब विचारण्यासाठी ते अधिकाऱ्यांकडे गेले असता त्यांना अटक झाली आणि सुमारे महिनाभर पाव्याकच्या तुरुंगात काढावा लागला. ऑक्टोबर १९४१ मध्ये संस्थेला आणखी अपुऱ्या जागेत जावे लागले. मुलांची संख्या तोवर दोनशेच्या घरात गेली होती.

साठी ओलांडलेले, आजारी कोर्चाक पाठीवर पोते टाकून घेटोतील दारोदार धान्य व देणग्या मागत फिरत. तरीही संस्थेतील वजन-उंचीच्या नोंदी, न्यायालय, पाळीची कामे आणि शिकवणी चालू राहिली. घेटोतील एका सार्वजनिक बालगृहात शेकडो मुले भुकेने मरत होती. तेथे काम करण्यासाठी १९४२ च्या प्रारंभी त्यांनी रीतसर अर्ज केला आणि तेही ओझे अंगावर घेतले.

१८ जुलै १९४२ रोजी 'दोम शेरोत'मधील मुलांनी रवींद्रनाथ ठाकूर यांचे 'डाकघर' हे नाटक पोलिश भाषेत सादर केले. त्याचे दिग्दर्शन एस्तेरा विनोग्रोन या सहकारी तरुणीने केले होते. आजारामुळे खोलीत कोंडलेला, खिडकीतून जग पाहणारा आणि राजाच्या पत्राची वाट पाहणारा अमल ही त्या नाटकातील मध्यवर्ती व्यक्तिरेखा आहे. भिंतींआड बंदिस्त झालेल्या मुलांना ती परकी वाटली नसेल. मुलांनी मृत्यूला शांतपणे सामोरे जाण्यास शिकावे म्हणून आपण हे नाटक निवडले, असे कोर्चाकांनी सांगितल्याची आठवण नोंदवली गेली आहे. त्यानंतर चारच दिवसांनी, २२ जुलै रोजी, घेटोतील लोकांची त्रेब्लिंकाकडे सामूहिक रवानगी सुरू झाली.

मृत्यू

ऑगस्ट १९४२ च्या पहिल्या आठवड्यात, ५ किंवा ६ तारखेला, 'दोम शेरोत'मधील सुमारे दोनशे मुले आणि त्यांचे शिक्षक यांना बाहेर काढून रेल्वेच्या मालधक्क्यावर नेण्यात आले. बाहेरील मित्रांनी, विशेषतः नेवेर्ली यांनी, त्यांच्या सुटकेचे प्रयत्न यापूर्वी केले होते. कोर्चाकांनी ते नाकारले होते. विल्चिन्स्का आणि इतर सहकारीही मुलांबरोबरच गेले. विल्चिन्स्का तर युद्धापूर्वी पॅलेस्टाइनमध्ये सुरक्षित असताना १९३९ मध्ये स्वेच्छेने परत आल्या होत्या. सर्वांची त्रेब्लिंकाच्या विषारी वायूच्या कोठड्यांत हत्या झाली.

या शेवटच्या वाटचालीची अनेक वर्णने उपलब्ध आहेत आणि ती एकमेकांशी जुळत नाहीत. काहींच्या मते मुले माच्युशचा हिरवा झेंडा घेऊन, गाणी म्हणत रांगेने गेली. काही प्रत्यक्षदर्शींनी गाणी वा मिरवणुकीसारखे काही नसल्याचे, केवळ थकलेली, मूक पावले पाहिल्याचे सांगितले आहे. आख्यायिकेचा मोह टाळून हे दुसरे वर्णन अधिक विश्वसनीय मानावे लागते. त्यामुळे घटनेचे मोल कमी होत नाही.

वारसा

मे ते ऑगस्ट १९४२ या काळात कोर्चाकांनी लिहिलेली घेटोतील दैनंदिनी गुप्तपणे बाहेर पोहोचवली गेली आणि 'नाश दोम'च्या इमारतीत भिंतीआड लपवून जपली गेली. ती १९५८ मध्ये प्रकाशित झाली. १९७२ मध्ये त्यांना जर्मन पुस्तक व्यवसायाचा शांतता पुरस्कार मरणोत्तर देण्यात आला. १९७८-७९ हे वर्ष युनेस्कोने त्यांच्या जन्मशताब्दीचे म्हणून पाळले. १९९० मध्ये पोलिश दिग्दर्शक आंजेय वायदा यांनी त्यांच्यावर 'कोर्चाक' हा चित्रपट काढला.

बालहक्कांविषयी बंधनकारक आंतरराष्ट्रीय करार करावा, हा प्रस्ताव १९७८ मध्ये पोलंडनेच संयुक्त राष्ट्रांपुढे मांडला. त्यावरील वाटाघाटींतून तयार झालेला बालहक्क करार २० नोव्हेंबर १९८९ रोजी स्वीकारण्यात आला. मुलाला त्याच्याविषयीच्या सर्व बाबींत मत मांडण्याचा हक्क देणारे या करारातील बारावे कलम कोर्चाकांच्या १९२९ मधील भूमिकेच्या फार जवळचे आहे. भारताने १९९२ मध्ये हा करार मान्य केला. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या सतराव्या कलमाने शाळेत मुलाला शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास देण्यास बंदी घातली. शाळेच्या आतच, मुलांनीच चालवलेल्या व्यासपीठावर शिक्षकाविरुद्ध दाद मागण्याची कोर्चाकांची तरतूद मात्र या कायद्यात नाही.

क्रोख्माल्ना रस्त्यावरील 'दोम शेरोत'ची इमारत युद्धातून बचावली. तिच्यासमोरील रस्त्याचे नाव आता बदलले आहे. युद्धानंतर डागडुजी होऊन तेथे पुन्हा बालगृह सुरू झाले आणि कोर्चाकांच्या कार्याचा दस्तऐवज जतन करणारे संशोधन केंद्रही तेथे आहे. त्रेब्लिंका येथील स्मारकात सुमारे १७ हजार शिळा उभ्या असून त्यांतील पुष्कळांवर नष्ट झालेल्या ज्यू वस्त्यांच्या गावांची नावे कोरली आहेत. व्यक्तीचे नाव असलेली शिळा एकच आहे. तिच्यावर कोर्चाकांच्या नावापुढे मुलांचाही उल्लेख आहे.